हरपती स्मृति आणि तिला साद घालणारीं साधनें

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ती उच्चारतांना आपण एखाद्या दुखण्याचें वर्णन करीत आहों, असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ‘म्हातारचळ’ हा शब्दहि त्याच जातीचा. या दोहोंत थोडें हांसें आहे, थोडा वैताग आहे. चौकशी मात्र नाहीं. संस्कृत ग्रंथांतून ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द पुरातन आहे खरा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे, तींतील ती एक पायरी होय; आणि चरकानें धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशाला प्रज्ञापराध म्हटलें आहे. परंतु या दोन्ही ठिकाणीं स्मृतिभ्रंश हा माणसाच्या वर्तनाशीं बांधलेला दोष आहे. सरळमार्गानें आयुष्य कंठलेल्या माणसाची स्मृति उतारवयांत मेंदूच्या विकारानें झिजूं लागते, हें ज्ञान फार तर सव्वाशें वर्षांचें; आणि अशा माणसाशीं संवाद साधण्याकरितां मुद्दाम साधनें घडवावीं, ही कल्पना तर जेमतेम अर्ध्या शतकाची. या कल्पनेचा इतिहास थोडक्यांत सांगून, कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यासारख्या गांवीं तिला कोणतें रूप द्यावें लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रारंभ जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं होतो. १९०१ च्या नोव्हेंबरांत तेथील मनोरुग्णालयांत ऑगस्टं नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री आणली गेली. डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं तिच्याशीं केलेलीं संभाषणें टिपून ठेविलीं आहेत. तिला स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें असतां तें तिला पुरतें लिहवेना. मीं स्वतःला हरवून बसलें आहें, अशा अर्थाचे उद्गार ती काढी. १९०६ मध्यें ती वारली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी करून आल्झायमर यांनीं त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेंत आपला निष्कर्ष मांडला. पण सभेंत कोणींहि त्यावर चर्चा केली नाहीं. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या विकाराला आल्झायमरांचें नांव दिलें, तेव्हां कोठें त्याला शास्त्रांत स्थान मिळालें. ऑगस्टंच्या दुखण्याचे मूळ कागदहि पुढें गहाळ झाले, ते १९९५ मध्यें फ्रांकफुर्ट येथेंच सांपडले. स्मृतीच्या रोगाची पहिली नोंदच नव्वद वर्षें विस्मृतींत पडून राहावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें रोगाच्या नांवापेक्षांहि महत्त्वाचा प्रश्न असा कीं, स्मृति जाते म्हणजे नेमकें काय जातें आणि काय राहतें? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनीं १८८१ मध्यें स्मृतीच्या विकारांवर ग्रंथ लिहून एक नियम सांगितला : जें नवें तें आधीं जातें, जें जुनें तें मागाहून. सकाळची न्याहारी विसरलेली आजी सासरीं आलेल्या पहिल्या दिवसाची हकीगत बारकाव्यांसह सांगते, हा आपल्या घरोघरचा अनुभव या नियमाचेंच उदाहरण होय. तीस वर्षांनीं, १९११ मध्यें, जिनीव्हाच्या क्लापारेद यांनीं एका स्मृतिहीन स्त्रीवर केलेला लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं बोटांत टांचणी लपवून तिच्याशीं हस्तांदोलन केलें. थोड्याच वेळांत ती प्रसंग पार विसरून गेली. परंतु पुढें त्यांनीं हात पुढें करतांच तिनें आपला हात मागें घेतला. कां घेतला, हें तिला सांगतां येईना. मन विसरलें होतें, हात विसरला नव्हता.

ही गोष्ट पुढें ब्रेंडा मिल्नर यांच्या संशोधनानें पक्की झाली. अपस्माराच्या निवारणार्थ १९५३ मध्यें अमेरिकेंत एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना मनांत ठेवण्याची त्याची शक्ति नाहींशी झाली. मिल्नरबाईंनीं त्याला आरशांत पाहून चांदणीची आकृति गिरवावयास लाविली. त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हें पूर्वीं केलें आहे, याचें मात्र त्याला प्रत्येक दिवशीं आश्चर्यच वाटे. तात्पर्य, स्मृति ही एकच कोठी नव्हे. प्रसंग आणि नांवें ठेवण्याची कोठी एक, आणि हातांची संवय, चाल, ठेका, सूर ठेवण्याची दुसरी. आल्झायमरच्या विकारांत पहिलीला वाळवी आधीं लागते. दुसरी बराच काळ शाबूत राहते. पुढें वर्णिलेलीं सर्व साधनें या दुसऱ्या कोठीच्या दारावर थाप मारणारीं आहेत.

हें तत्त्व आपल्याकडील बायकांना प्रयोगशाळेवांचून ठाऊक होतें. जात्यावरची ओवी ही केवळ शब्दांची स्मृति नव्हे. ती खुंट्याभोंवतीं फिरणाऱ्या हाताची, घरघरीची आणि पहांटेच्या वेळेची स्मृति आहे. गिरणी आली, जातें थांबलें, आणि त्याबरोबर ओवीहि जिभेवरून उतरूं लागली. गी प्वातव्हें व हेमा राईरकर यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत पुण्याहून ओव्यांच्या संग्रहाचें जें प्रचंड कार्य आरंभिलें, त्यांत लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बेर्नार बेल यांनीं पुढें त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. लेखी वाङ्मयाचा आधार नसलेल्या बायकांनीं एवढें भांडार तोलून धरलें, तें हाताच्या आणि सुराच्या बळावर. ज्या कोणीं स्मृतिभ्रंशासाठीं साधन घडवावयाचें योजिलें असेल, त्यानें प्रथम जात्यापुढें बसावें, असें आम्हांस वाटतें. कारण हात फिरला कीं ओठ हालतात, हें यंत्र आपल्या घरांत शतकानुशतकें चालत आलेलें आहे.

आतां पाश्चात्य देशांकडे वळूं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हाताऱ्या माणसानें गतकाळांत रमणें हें वैद्यांच्या दृष्टीनें अपलक्षण होतें. त्याला वर्तमानांत ओढून आणावें, अशी शिकवण असे. १९६३ मध्यें अमेरिकन मनोवैद्य रॉबर्ट बटलर यांनीं ही समजूत उलटविली. गत आयुष्याची उजळणी करणें हें वार्धक्यांतील स्वाभाविक आणि उपकारक कार्य आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. पुढें दहापंधरा वर्षांनीं इंग्लंडांत सरकारी आरोग्यखात्यांतील मिक केंप नांवाच्या वास्तुविशारदानें वृद्धांच्या आठवणी जागवणारीं साहित्यसाधनें जमविण्याचा उपक्रम हातीं घेतला. त्यांतूनच १९८१ मध्यें ‘रिकॉल’ या नांवानें चित्रें व ध्वनिफिती यांचा संच एका सेवाभावी संस्थेनें प्रसिद्ध केला. या मार्गाचा आरंभ वैद्यानें नव्हे, तर वास्तुविशारदानें केला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रोग औषधाचा विषय असेल. पण रोगी ज्या खोलींत बसतो ती खोली, तेथील उजेड, तेथील आवाज, हाताशीं येणाऱ्या वस्तु, हा रचनाकाराचा विषय आहे.

याच सुमारास हॉलंडांत हुल्सेखे व फेरहुल या दोघांनीं मतिमंद व्यक्तींसाठीं मंद प्रकाश, सुगंध, स्पर्श व नाद यांनीं भरलेल्या खोल्या सजविल्या. ती रीति पुढें स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडेहि वळली. संगणक स्वस्त आणि लहान होतांच वस्तु ‘उत्तर देऊं’ लागल्या. जपानांत शिबाता यांनीं घडविलेलें सीलच्या पिलाचें यांत्रिक रूप कुरवाळलें असतां डोळे मिटतें व आवाज करतें. हॉलंडांतीलच डेल्फ्ट येथील हेस्टर ल रीश या बाईंनीं टेबलावर प्रकाशाचीं चित्रें पाडणारें साधन तयार केलें : सुकलेलीं पानें हातानें सारलीं कीं बाजूला होतात, फूल चाचपलें कीं उमलतें. हें साधन मुख्यतः विकार वाढून निश्चेष्ट झालेल्यांसाठीं असल्यामुळें त्यांत आठवणीपेक्षां हालचालीवर भर आहे.

विकाराच्या आरंभींच्या अवस्थेंतील माणसांसाठीं मात्र स्कॉटलंडांतील डंडी व सेंट अँड्र्यूज या विद्यापीठांनीं या शतकाच्या आरंभीं केलेला प्रयोग सर्वांत उद्बोधक आहे. त्यांनीं बोटानें चालणाऱ्या पडद्यावर जुनीं छायाचित्रें, गाणीं व चलच्चित्रें मांडलीं आणि काय पाहावयाचें तें रुग्णानेंच निवडावें, अशी योजना केली. त्यासंबंधींच्या अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. रुग्णाच्या स्वतःच्या कुटुंबाचीं छायाचित्रें दाखविलीं असतां तो जेवढें बोले, त्यापेक्षां त्याच्या काळच्या सर्वसामान्य दृश्यांवर, म्हणजे बाजार, शाळा, जत्रा यांच्या चित्रांवर, तो अधिक मोकळेपणानें गोष्टी सांगे. याचें कारण शोधूं जातां मर्म हातीं लागतें. घरचें छायाचित्र पुढें ठेवलें कीं पाहणारा विचारतो, “हा कोण?” येथें बरोबर आणि चूक असें उत्तर आहे, ती परीक्षा होते, आणि तींत आपण नापास होणार हें त्या बिचाऱ्याला कळत असतें. बाजाराच्या चित्राला चूक उत्तर नाहीं. तेथें सांगावयाचें असतें तें सांगतां येतें.

या एका निरीक्षणांत आम्हांस सर्व शास्त्राचें सार दिसतें : साधन परीक्षा घेणारें नसावें, आमंत्रण देणारें असावें. आपल्या घरांत आपण नेमकें उलट वागतों. मुंबईपुण्याहून सुटीवर आलेला नातू पायां पडून पहिला प्रश्न करतो, “आबा, मला ओळखलंत का?” प्रेमानेंच करतो, पण आबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणीं जी भीति उमटते, ती वर्गांत उभ्या केलेल्या मुलाची असते. ओळख न पटल्याचें दुःख एकाचें, आणि ती पटली नाहीं हें सर्वांसमक्ष उघड झाल्याची लाज दुसऱ्याची. एक प्रश्न, आणि दोघेहि जखमी.

संग्रहालयांनींहि हा मार्ग धरला आहे. डेन्मार्कमधील ऑऱ्हूस येथील जुन्या नगराच्या खुल्या संग्रहालयांत १९५० च्या सुमाराची राहती जागा मांडून तेथें स्मृतिभ्रंशाचीं माणसें बोलावतात. कॉफीचा वास येतो, जुन्या कपाटाचे खण उघडतां येतात. लिव्हरपूलच्या संग्रहालयांनीं २०१२ पासून रुग्णांच्या सोबत्यांना जुन्या वस्तूंच्या साह्यानें बोलावें कसें, हें शिकविण्याचा क्रम चालू केला. आपल्याकडे वस्तूंची उणीव नाहीं. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं आपल्या दिवंगत चिमुकल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ जें संग्रहालय उभारलें, त्यांत दिवे, अडकित्ते, फणी-करंडे, स्वयंपाकाचीं भांडीं अशा घरगुती वस्तूंचा संग्रह वीस हजारांच्या घरांत आहे. कोल्हापूरनजीक कणेरी मठावर जुन्या ग्रामजीवनाचे पुतळे मांडलेले आहेत. परंतु संग्रहालयाचा धर्म वस्तु जपण्याचा. म्हणून ‘हात लावूं नये’ ही पाटी तेथें असावयाचीच. आणि ज्याची स्मृति डोळ्यांतून ओसरून बोटांत उरली आहे, त्याला कांचेमागचा अडकित्ता काय बोलणार? त्याच्यासाठीं अडकित्ता हातांत पडला पाहिजे, सुपारी फुटल्याचा आवाज झाला पाहिजे.

हा प्रश्न थोड्या लोकांचा आहे असें कोणीं समजूं नये. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील माणसांपैकीं शेंकडा ७.४ जणांना स्मृतिभ्रंश असून त्यांची संख्या सुमारें ८८ लाख भरते. केरळांत १९९२ मध्यें या विकाराकरितां देशव्यापी संस्था निघाली, आणि तिच्या शाखा पुढें इतरत्र झाल्या. महाराष्ट्रांत सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनाला हा विषय भिडविला तो सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटानें. त्यांतील संस्कृताचे वृद्ध पंडित रस्त्यांतल्या हत्तीच्या मागें चालूं लागतात. ती भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोवैद्य आहेत. पंडितांची विद्या गळून जाते. हत्तीचें आकर्षण मात्र राहतें. त्या हत्तीनें पंडितांना एकहि प्रश्न विचारला नाहीं, एवढें आम्ही येथें नमूद करतों.

आतां कसबा बावड्याकडे येऊं. कोल्हापूरच्या उत्तरेस पंचगंगेच्या कांठीं वसलेलें आणि आतां महानगरपालिकेंत सामावलेलें हें गांव. येथील लक्ष्मीविलास राजवाड्यांत २६ जून १८७४ रोजीं राजर्षि शाहूंचा जन्म झाला. शहरांतून बावड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेला नवा राजवाडा, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि त्यांतील संग्रहालय आहे. १९८९ पासून गांवांत वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. म्हणजे इतिहास आणि वैद्यक दोन्हीं हांकेच्या अंतरावर नांदतात. येथें स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या पायरीवरील माणसांसाठीं एक दालन करावयाचें ठरलें, तर त्यांत काय मांडावें?

पहिला मोह होईल तो राजवैभव मांडण्याचा : पालख्या, तलवारी, दरबाराचीं चित्रें. तो टाळला पाहिजे. कारण हा प्रश्न अंकगणिताचा आहे. माणसाच्या आठवणींत दहापासून तीस वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत दाट असतो, असें मानसशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. आज जो ऐंशी वर्षांचा आहे तो स्वातंत्र्याच्या आगेंमागें जन्मला. त्याची दाट आठवण १९५५ ते १९७५ ची. शाहूकाल हा त्याच्या आजोबांचा. त्याला तो ऐकून ठाऊक, अंगानें नव्हे. त्याच्या अंगांत मुरलेला आहे तो विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा ठोका, हिंदकळत जाणारी उसाची बैलगाडी, हळूहळू तापणाऱ्या रेडिओच्या गोल खुंटीचा स्पर्श. इतिहासकारानें ‘प्राचीन’ आणि ‘जुनें’ यांतील भेद येथें काटेकोर पाळला पाहिजे. प्राचीन वस्तु आदराला पात्र होते. बोलकी होते ती जुनी.

दुसरें, बावड्याची सामाईक आठवण कोणती, हें विचारलें तर उत्तर नदीपाशीं सांपडतें. पावसाळ्यांत सबंध कोल्हापूर जिल्हा ज्या आंकड्याकडे डोळे लावून बसतो, तो येथील राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याचा आंकडा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हें येथील लहान मूलहि सांगेल. ज्या पद्धतीच्या बंधाऱ्याला सर्वत्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याच जातीचा हा आहे. दगडी खांबांना खांचा असतात. पावसाळा सरला कीं त्यांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवावयाचें, आणि पावसाळ्यापूर्वीं ते काढून ठेवावयाचे.

यावरून एक साधन सहज सुचतें. कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर लहान बंधारा असावा. खांचा खऱ्या, बरगे लांकडाचे आणि हातांत भरतील एवढे. ओट्याच्या तळाशीं प्रकाशाचें पाणी वाहत असावें आणि त्याचा खळखळाट ऐकूं यावा. एक बरगा बसविला कीं आवाज किंचित् मंदावा, पाण्याची रेघ थोडी वर यावी. सगळे बसले कीं पाणी संथ होऊन त्यांत मनोऱ्याचें प्रतिबिंब उमटावें. बरगे कोणत्याहि क्रमानें बसोत, चूक होऊंच नये. ओट्याच्या दोन्ही बाजूंस दोघांनीं उभें राहावें, म्हणजे एकाचा हात अडला तर दुसऱ्याचा आपोआप पुढें येईल. यंत्र, तारा, संगणक ओट्याच्या पोटांत दडलेले असावेत. बरगा खांचेंत बसतांना जो ‘ठक्’ असा आवाज होतो, तोच बोलावणारा आहे.

तिसरी गोष्ट घ्राणेंद्रियाची. कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे. २०१४ मध्यें त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. गुऱ्हाळावरील काहिलींतून उठणारी वाफ, चुलाणांत जळणारीं चिपाडें आणि गुळव्यानें पाक आला कीं नाहीं हें बोटांवर पाहण्याची रीत, हें सर्व येथील शेतकऱ्याच्या नाकांत आणि बोटांत आहे. तालमीच्या तांबड्या मातींत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ करतात. त्या मातीची एक परात पुढें ठेवली तर पहिलवान म्हातारा तींत हात घालणार नाहीं, असें होणें नाहीं. आणि बायकांचा कोपरा विसरून चालणार नाहीं. बायकांच्या आठवणी चौकांत थोड्या, माजघरांत फार. जातें, पाटा-वरवंटा, सूप आणि पंचमीच्या झोपाळ्याची दोरी यांवांचून दालन पुरुषांचेंच राहील.

येथें इतिहासकाराची खरी कसोटी लागते. ‘गांवची आठवण’ असें आपण सहज म्हणतों. पण गांवाला एकच आठवण नसते. ज्या पाणवठ्याचें चित्र एकाला घागरींच्या हांसण्याची याद देतें, त्याच पाणवठ्यावरून दुसऱ्याच्या आईला दूर सारलें गेलेलें असूं शकतें. शाहू महाराजांनीं १९०२ मध्यें मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि पुढें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तो ज्या विषमतेविरुद्ध, ती त्यांच्याबरोबर संपली नाहीं. तसेंच नदीचें. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या पंचक्रोशींत कित्येकांच्या घरांत पाणी शिरलें. त्यांना चढतें पाणी दाखविणें म्हणजे आठवणीच्या नांवाखालीं भय जागविणें होय. स्मृतिभ्रंशांत ‘तें आतां संपलें आहे’ ही समजूत दुबळी होते; म्हणून जुनी भीति नव्या भीतीइतकीच ताजी असते. वर सांगितलेल्या ओट्यावर पाण्यानें संथ व्हावें, उसळूं नये, अशी योजना आहे ती याचकरितां.

रचनेचे कांहीं साधे नियम अनुभवानें ठरले आहेत, ते येथें नमूद करणें उपयुक्त होईल. एका क्रियेला एकच परिणाम असावा, आणि तो तत्काळ दिसावा. एका वेळीं दोन आवाज नसावेत. उजेड भरपूर व सारखा असावा. जमिनीवर काळा पट्टा असला तर तो खड्डा वाटतो आणि चकाकणारी फरशी ओली वाटते, म्हणून दोन्हीं टाळावीं. लिखित सूचना लावण्याची गरज पडली तर साधनच चुकलें असें समजावें. वस्तु मोठ्या माणसाच्या मोठेपणाला शोभणाऱ्या असाव्यात. ज्यानें चाळीस वर्षें शेती केली किंवा शाळा चालविली, त्याच्या हातांत रंगीत ठोकळे देणें हा अपमान आहे आणि तो त्याला कळतो. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आरंभींच्या अवस्थेंतील माणूस आपलें मत सांगूं शकतो. तेव्हां काय मांडावें, हें त्याला आधीं विचारावें. ‘त्यांना काय कळतंय’ हें वाक्य ज्या सभेंत उच्चारलें जाईल, तेथें दालन उभें राहील पण त्यांत कोणी बोलणार नाहीं.

आणि अपेक्षाहि मर्यादित ठेवाव्या. या साधनांनीं रोग हटत नाहीं. गेलेल्या पेशी परत येत नाहींत. आठवणी जागविण्याच्या उपचारासंबंधीं झालेल्या २२ प्रयोगांचा एकत्र विचार २०१८ मध्यें करण्यांत आला. त्याचा निष्कर्ष असा कीं, जीवनमान, बोलणेंचालणें व मनःस्थिति यांवर कांहीं लाभ दिसतो, पण तो अल्प असून सर्वत्र सारखा नाहीं. हा निष्कर्ष निराशेचा नव्हे. संध्याकाळच्या गप्पांनीं तरी कोणाचा कोणता रोग बरा होतो? तरीहि त्या गप्पांवांचून म्हातारपण कसें जाईल, हें ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें आहेत त्यांना ठाऊक आहे.

घाई करावयाची ती मात्र एका बाबतींत. ज्या वस्तूंनीं हें बोलणें सुरू होईल, त्या आज भंगारांत चालल्या आहेत. जात्याची तळी अंगणांत पायरी झाली आहे, जुनी काहील वितळली आहे, रेडिओ मोडीच्या दुकानांत गेला आहे. त्यांना संग्रहालयाची किंमत नाहीं, कारण त्या अजून प्राचीन झालेल्या नाहींत. आणि घरांत जागा नाहीं, कारण त्या आतां नव्या राहिलेल्या नाहींत. या मधल्या काळांतच त्यांची खरी गरज आहे. वीस वर्षांनीं त्या कांचेमागें येतील, पण त्यांना ओळखणारे हात तोंवर राहणार नाहींत.

दालन होईल तेव्हां होवो. तोंवर प्रत्येक घराला करतां येण्याजोगी एक गोष्ट आहे. तिला यंत्र लागत नाहीं, खर्च लागत नाहीं. परगांवाहून आलेल्या नातवानें ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. जवळ बसावें आणि आपणच सांगावें, “आबा, मी तुमच्या थोरलीचा मुलगा. यंदा बंधाऱ्याचे बरगे घातले का हो?” आबा नातवाचें नांव कदाचित् घेणार नाहींत. परंतु बरग्यांविषयीं, पाण्याविषयीं, त्या वर्षींच्या उसाविषयीं ते बोलूं लागतील. आणि बोलणाऱ्या माणसाला आपण हरवलों आहों, असें निदान तेवढा वेळ वाटत नाहीं.